लिस्टचा सोनाटा, सहा वादक : भुसावळच्या नोंदवहीतून

६ एप्रिल २०२५, रविवार

आजपासून वही सुरू. काम असं ठरलंय की संगीतकार फ्रान्झ लिस्टचा बी मायनरमधला पियानो सोनाटा सहा वादकांच्या हातून ऐकायचा, प्रत्येक ध्वनिमुद्रण निदान पाच वेळा. मग जूनच्या चौथ्या रविवारी नानांच्या माडीवर आठ-दहा जणांना त्यातलं निवडक ऐकवायचं. येणाऱ्यांत तबल्याची मंडळी आहेत, पेटीवाले दोघं आहेत, भजनी मंडळाचे बुवा आहेत. पियानोची सवय असलेली मी एकटीच. त्यामुळे 'हा मोठा वादक, तोही मोठा वादक' असं सांगून भागायचं नाही. फरक कानाला दाखवता आला पाहिजे.

हाच सोनाटा का, तेही लिहून ठेवते. माझ्या लहानपणी रेल्वे क्वार्टर्समध्ये एक बाई पियानो शिकवायच्या. उन्हाळ्यात त्या पियानोचं लाकूड इतकं सुकायचं की मधल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर यायच्याच नाहीत. शिकवणी संपली की कधी कधी त्या या सोनाटाचं पहिलं पान वाजवायच्या आणि थांबायच्या. "पुढचं माझ्या हातचं नाही," म्हणायच्या. पुढे काय आहे ते मी वीस वर्षांनी ऐकलं. माझ्याही हातचं नाही ते. घरच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या कीबोर्डवर त्यातल्या चाली एकेका बोटाने काढता येतात, तेवढंच.

निवड : व्लादिमिर होरोविट्झ (नोव्हेंबर १९३२, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ), स्वियातोस्लाव रिख्तर (१९६५, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल), क्लाउदिओ आराउ (१९७०), मार्था आर्गेरिच (१९७१), आल्फ्रेड ब्रेंडल (१९८१) आणि क्रिस्तियान झिमरमन (१९९०). आणखी डझनभर घेता आले असते. पण माझ्याकडे सकाळचे दोन तासच असतात, नंतर बँक.

९ एप्रिल

पहिलं काम घड्याळाचं केलं. आर्गेरिच सव्वीस मिनिटांच्याही आत संपवते. होरोविट्झ साधारण साडेसव्वीस मिनिटांचा. रिख्तर, ब्रेंडल, झिमरमन अर्ध्या तासाच्या अलीकडे-पलीकडे. आराउ बत्तीसच्या आसपास.

तक्ता छान दिसतोय. डावीकडे नावं, उजवीकडे मिनिटं. वाटलं, निम्मं काम झालं.

१३ एप्रिल, रविवार

नाना आले होते. एका लग्नाला गेले होते, तिथूनच परस्पर. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वय चौऱ्याहत्तर, पन्नास वर्षं तबला. पियानो म्हणजे सिनेमात हिरो वाजवतो ते, एवढीच त्यांची ओळख.

काही न सांगता सुरुवात लावली. खालच्या पट्टीत 'जी' हा स्वर, दबका, मग थांबणं, पुन्हा 'जी', आणि मग तिथून हळूहळू उतरत जाणारी सरगम. नानांनी डोळे मिटले होते ते उघडले.

"पोरी, हाई तं भैरवी शे!"

खरंच की. 'जी'ला षड्ज धरला तर पहिली उतरण म्हणजे कोमल नी, कोमल ध, प, म, कोमल ग, कोमल रे, सा. भैरवी थाटाचेच सगळे स्वर. इतकी वर्षं मी हे इंग्रजी पुस्तकातल्या नावानं ओळखत होते आणि भैरवी माझ्या कानाजवळ बसून होती. मग दुसरी उतरण आली आणि नाना गप्प झाले. तीन वेळा लावायला लावली. शुद्ध नी, कोमल ध, प, तीव्र म, कोमल ग, शुद्ध रे, सा. युरोपात हिला हंगेरियन जिप्सी वळणाची म्हणतात आणि लिस्ट हंगेरीतच जन्मलेला. आपल्याकडे कर्नाटक पद्धतीत हेच स्वर सिंहेंद्रमध्यम रागाचे, सत्तावन्नावा मेळ. नानांना तोडीचा भास होत होता, पण रिषभ शुद्ध लागत होता म्हणून ते अडले होते. पेटी काढून दोघांनी सूर लावून बघितले तेव्हा त्यांचं समाधान झालं.

लिस्ट भैरवी वाजवत होता असं म्हणायचं नाही. त्याला ती ठाऊक असण्याचं कारण नाही. पण माडीवरच्या श्रोत्यांना आत यायला हा दरवाजा आहे, आणि तो मला सापडला नव्हता, नानांना सापडला. सुरुवात इथूनच करायची.

नानांनी आणखी एक विचारलं. "याची मात्रा कुठं धरू?" मी म्हटलं, धरू नका. पहिल्या सात बारांत (स्वरलिपीत ठरावीक मात्रांचा एक खण म्हणजे बार) लय कळूच नये असंच ते लिहिलेलं आहे. त्यांना ते पटलं नाही. हात मांडीवर होता तो तसाच राहिला.

२० एप्रिल, रविवार

हातोड्याचं काम. उतरणीनंतर एकदम वेग येतो, दोन्ही हात ऑक्टेव्हमध्ये (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम) झेप घेतात आणि खाली घसरतात. त्याच्याच पाठोपाठ खालच्या पट्टीत एकच स्वर ठकठक ठकठक वाजत येतो, दारावर कुणी थाप मारावी तसा. ही एवढी तीन बीजं : उतरण, झेप, थाप. त्यांच्यातूनच ७६० बारांचा बराचसा विस्तार उभा राहतो. मध्येच एक भव्य चाल येते डी मेजरमध्ये, देवळाचं महाद्वार उघडावं तशी, आणि नंतर मधल्या संथ भागाची आणखी एक.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ही की तीच थाप पुढे गाणं होऊन येते. तेच स्वर, पण पसरून, वरच्या पट्टीत, खाली झुळझुळ साथ. दारावर थापा मारणारा माणूस अंगणात बसून गाऊ लागतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही, आणि ओळखू आल्यावर पुन्हा विसरता येत नाही.

मग सहाही जणांकडे फक्त एवढंच तपासलं : थाप वाजवताना वादकाने पुढच्या गाण्याची खूण ठेवली आहे का? आराउ ठेवतो. त्याच्या थापेतसुद्धा स्वर वाकलेला आहे, निव्वळ आघात नाही. ब्रेंडल तर बोट दाखवूनच सांगतो, नीट शिक्षकासारखा. आर्गेरिच ठेवत नाही, ती थाप म्हणजे थापच. म्हणून तिचं गाणं उगवतं तेव्हा कुठून आलं कळत नाही, नुसतं सुख होतं. कोणतं बरोबर? दोन्ही ऐकवायला हवीत.

२७ एप्रिल, रविवार

कूलर बंद करून ऐकावं लागतंय. भुसावळचं ऊन आणि हा सोनाटा यांचं जमत नाही. दुपारी त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असताना कूलर बंद केला तर दहा मिनिटांत वहीचं पान हाताला चिकटतं. कूलर चालू ठेवला तर सुरुवातीचा 'जी' पंख्याच्या घरघरीत बुडतो. हेडफोन लावून पाहिले. आवाज अडतो, पण खोली हरवते. मैफिलीच्या मुद्रणात तर खोलीच ऐकायची असते.

म्हणून आता पहाटे साडेचारला उठते. त्या वेळी मालगाड्यांची शंटिंग चालू असली तरी ती दूरवर असते आणि कान तिला बाजूला ठेवू शकतो.

पहाटेच्या ऐकण्यात तक्त्याचा पोकळपणा दिसायला लागला. आर्गेरिच आणि होरोविट्झ यांच्यात घड्याळाने जेमतेम अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फरक, म्हणजे दोघं जवळजवळ सारखेच. आणि ऐकताना तर दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या ऋतूंतली. होरोविट्झ वेगात असताना मध्येच सैल होतो, एखाद्या स्वराला झुलवतो, मग पुन्हा कातडी चाबूक. आर्गेरिच एकदा निघाली की धार तुटू देत नाही. बेरीज सारखी येते म्हणून हिशोब सारखा नसतो, हे बँकेत बसणाऱ्या बाईला आधीच कळायला हवं होतं. मिनिटांचा तक्ता माडीवर दाखवायचा नाही. पान फाडलं नाही, पण त्यावर काट मारली.

३० एप्रिल, अखाजी (अक्षय्य तृतीया)

काम नाही. माहेरी. चिंचेच्या झाडाला झोके, खापरावरचे मांडे, आमरस. बायका अखाजीची गाणी म्हणत होत्या. झोका वर जातो तिथे क्षणभर थांबतो आणि गाणंही तिथेच श्वास घेतं, हे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. सोनाटाशी याचा काय संबंध ते अजून लिहिता येत नाही. लक्षात राहावं म्हणून टिपून ठेवलं.

११ मे, रविवार

नाव झाकून ऐकण्याचा प्रयोग. भाच्याने सहा फाइलींना क, ख, ग अशी नावं दिली आणि खरी नावं स्वतःच्या फोनमध्ये ठेवली. त्याआधी सगळ्यांचा आवाज एका पातळीला आणला. ही गोष्ट अनुभवाने शिकले आहे : दोन मुद्रणांतलं जे थोडंसं मोठ्या आवाजात वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, आणि आपण त्याला मोठमोठी कारणं देत बसतो.

भव्य चालीचा भाग लावला, दीड-दोन मिनिटांचा. नाना आणि मी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं. मी 'घ' म्हणजे आराउ असं छातीठोक लिहिलं. निघाला झिमरमन. खालच्या स्वरांचं ते वजन मी आराउच्या नावावर जमा करून बसले होते. आराउ बर्लिनमध्ये मार्टिन क्राउझकडे शिकला आणि क्राउझ हा लिस्टचा शिष्य. ही गुरुपरंपरा मला माहीत होती आणि तिनेच माझ्या कानाला फसवलं. घराणं माहीत असलं की गायकात घराणंच ऐकू येतं.

नानांनी नावांच्या जागी खुणा केल्या होत्या. होरोविट्झच्या फाइलीसमोर "चांगला चिडलेला". आर्गेरिचसमोर "इतली घाई कसाले?" आणि रिख्तरसमोर फक्त एक उभी रेघ. काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "हा ऐकत ऐकत वाजवतो."

१८ मे, रविवार

रात्री वादळ, लाइट पहाटेपर्यंत नव्हती. रावेरकडे केळी आडवी झाल्याचं सकाळी फोनवर कळलं. आमच्या धाकट्या मामांचीही चार-पाचशे झाडं गेली. आज फार वेळ बसले नाही.

एकच तांत्रिक नोंद, १९३२च्या मुद्रणाची. माझ्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत. तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत, म्हणजे अर्ध्या तासाचं हे काम तुकड्यातुकड्यांत वाजवलेलं आणि नंतर जोडलेलं. एका बाजूच्या मध्ये चूक झाली तर तेवढाच बार काढून बदलता येत नसे, ती सगळी बाजू पुन्हा वाजवायची. हे लक्षात ठेवून त्याचे ऑक्टेव्ह ऐकले की अंगावर काटा येतो. वय तेव्हा एकोणतीस.

माझ्या दोन्ही प्रतींचा सूर तानपुऱ्याच्या ॲपशी ताडून पाहिला. तबकडी नव्याने उतरवून घेताना फिरण्याचा वेग किंचित चुकला तरी सूर आणि वेळ दोन्ही बदलतात. अर्धा सूर चढला तर सुमारे सहा टक्के वेळ कमी होतो, म्हणजे एवढ्या लांबीच्या कामात दीड मिनिट. तक्त्यावर काट मारली ती किती बरोबर होती!

दुसरा फरक मोठा आहे. एका प्रतीत तबकडीची खरखर तशीच ठेवलीय. दुसरीत ती गाळून टाकलीय, आणि तिच्याबरोबर स्वर विझतानाची शेपूटही गेलीय. स्वच्छ प्रत कानाला पहिल्यांदा बरी वाटते. पण जिथे वादक थांबतो तिथे एकदम भिंत येते. खरखरीच्या प्रतीत थांबल्यावरही खोली चालू राहते. खरखरीची प्रत घ्यायची.

२५ मे, रविवार

मधला संथ भाग, एफ शार्प मेजर. याबद्दल थोडंच लिहिते कारण इथे मला तुलना करवत नाही. झिमरमनकडे हा भाग मी अकरा वेळा ऐकला. वरच्या पट्टीतले स्वर इतके हलके की पट्टीखाली हातोडी आहे हे विसरावं. मग तो हळूहळू वाढवत नेतो, शिखरावर पूर्ण हाताने उघडतो आणि पुन्हा उतरताना एकेक दिवा मालवत जातो. आराउ तिथे जास्त दुखावतो. आर्गेरिच, जिला आपण सगळे वेगाची बाई म्हणतो, तिथे वेग सोडून देते आणि साधी गाते, कसलाही आव न आणता. तिच्याबद्दल घाईघाईने लिहिणाऱ्यांनी हा भाग ऐकावा.

१ जून

संथ भागानंतरचा फ्युगाटो. एक आवाज सुरू होतो, मग दुसरा तोच विषय घेऊन येतो, मग तिसरा. तीन पोरं एकमेकांच्या मागे जिन्यावरून पळताहेत. इथे रिख्तर आणि ब्रेंडल यांच्याकडे तिन्ही आवाज सुटे ऐकू येतात. आर्गेरिचकडे ठिणग्या. माडीवर ब्रेंडलचा लावायचा, कारण नव्या कानाला तीन पोरं मोजता आली पाहिजेत.

८ जून, रविवार

आजची नोंद लांबेल.

शेवटाकडे ऑक्टेव्हचा लोंढा येतो, प्रेस्तिस्सिमो म्हणजे अतिद्रुत, दोन्ही हात. तंत्राची भीती वाटते ती इथे. त्यातून ती भव्य चाल पुन्हा उसळते, आता बी मेजरमध्ये, पियानोत असेल तेवढ्या सगळ्या आवाजात. आणि मग काहीच नाही. पूर्ण थांबा. कागदावर रिकामी जागा आणि तिच्यावर ती वाढवण्याची खूण. त्या रिकाम्या जागेनंतर संथ भागाची चाल अगदी हळू परत येते.

लिस्टने आधी असं केलं नव्हतं. हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे, त्यावर २ फेब्रुवारी १८५३ची तारीख आहे. त्यात पहिला शेवट दणदणीत, टाळ्या घेणारा होता. तो त्याने खोडला आणि हा लिहिला, शांततेनंतरचा. ज्या माणसाच्या मैफिलींनी युरोप वेडावला होता त्याने १८४७मध्ये पैसे घेऊन दौऱ्यावर वाजवणं सोडलं होतं. जर्मनीतल्या वाइमारला बसून तो लिहीत होता. टाळ्या कुठे येतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? आणि त्यानेच टाळीची जागा खोडली.

त्याची किंमतही लगेच भरली. संगीतकार रॉबर्ट शूमानने आपली सी मेजरमधली फँटसी लिस्टला अर्पण केली होती, तिची परतफेड म्हणून हा सोनाटा शूमानला अर्पण केलेला. छापील प्रत १८५४मध्ये शूमानच्या घरी पोचली तेव्हा तो मनोरुग्णांच्या इस्पितळात होता. तरुण संगीतकार ब्राम्सने ती शूमानची बायको क्लारा हिला वाजवून दाखवली आणि तिला ती नुसता आंधळा गोंगाट वाटली, तसं तिने रोजनिशीत लिहिलं. जाहीर मैफिलीत हा सोनाटा पहिल्यांदा वाजला तो २७ जानेवारी १८५७ला, बर्लिनमध्ये, हान्स फॉन ब्यूलोच्या हातून. क्लाराचा मला राग येत नाही. घरात ते दुःख असताना हे संगीत कुणाला ऐकवेल?

तर ती रिकामी जागा. आज सहाही मुद्रणांतली तेवढीच काढून एकापाठोपाठ एक ऐकली. आधीचा अर्धा मिनिट आवाज, मग थांबा, मग पुढचा अर्धा मिनिट. पहाटे पाच ते सात.

आर्गेरिचचा थांबा धापा टाकणाऱ्याचा. धावून आलेला माणूस उंबरठ्यावर थांबतो तसा, छाती अजून वरखाली. होरोविट्झकडे खरखर चालू असते आणि तिच्यात दडून तो वाट पाहतो. आराउ आधीचा गजर पूर्ण विझू देतो, शेवटचा कण जाईपर्यंत, आणि मगच शांतता सुरू झाली असं मानतो. त्याच्या हिशोबाने आवाज विझणं हा आवाजाचाच भाग. झिमरमनचा थांबा मोजलेला आहे, दगडी चौथऱ्यासारखा. त्याच्यावर पुढची चाल ठेवली की ती हलत नाही. ब्रेंडल थांबतो आणि त्या थांब्यात मागचं सगळं आठवतो असं वाटतं.

आणि रिख्तर. तो सांगायचा की हा सोनाटा सुरू करण्याआधी मंचावर येऊन बसायचं, अजिबात हलायचं नाही, मनात सावकाश तीसपर्यंत मोजायचं. सभागृहात चुळबुळ होते, याला बरं नाही की काय असं लोकांना वाटू लागतं, आणि मग तो पहिला 'जी'. म्हणजे त्याच्या लेखी सोनाटा आवाजाच्या आधीच सुरू झालेला असतो. ते कळल्यावर शेवटचा थांबा वेगळाच ऐकू आला. ती तीच तीस मोजण्याची शांतता आहे, फक्त आता तिच्यात आपणही आहोत.

दुपारी नाना आले तेव्हा त्यांना काही न सांगता रिख्तरचा तुकडा लावला. थांबा आला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही. तुकडा संपल्यावर मी म्हटलं, "इथे वादक थांबला, नाना." ते म्हणाले, "थांबेल नही तो. ऐकी ऱ्हायना."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते. तबल्यात समेवर यायचं असतं, पण कधी कधी वादक मुद्दाम सम गेल्यावर उतरतो, समेच्या जागी काहीच वाजवत नाही. ऐकणाऱ्याने ती मनात धरलेली असते, म्हणून ती रिकामी राहत नाही. सुरुवातीला मात्रा कुठे धरू असं त्यांनी विचारलं होतं, ते त्यांच्या मनात दोन महिने तसंच होतं. आज त्यांना ती मिळाली.

मला अखाजीचा झोका आठवला. वर गेलेला, थांबलेला.

मांडणी बदलली. आधी ठरवलं होतं तसं 'वेग', 'ताकद', 'गाणं' असे भाग करायचे नाहीत. तीनच जागा ऐकवायच्या : सुरुवातीच्या उतरणी, थापेचं गाणं होणं, आणि ही रिकामी जागा. शेवटी एक मुद्रण अखंड.

१५ जून, रविवार

अखंड कोणतं, यावर दोन दिवस गेले. मन झिमरमनकडे ओढत होतं. आवाज स्वच्छ, रेखीव, नव्या श्रोत्याला सगळं दिसेल. पण नाना रिख्तरवर ठाम. मुद्रण त्या मानाने कोरडं आहे, लोक खोकतात, एकदोन ठिकाणी स्वर निसटलाय. "माणसं आहेत त्याच्यात," नाना म्हणाले. रिख्तर ठरला.

स्पीकरचं पाहून आले. माडीवर पंखे चालतील, पण शेवटच्या पाच मिनिटांत ते बंद करायचे, असं भाच्याला सांगितलं.

१८ जून

काल लंडनमध्ये ब्रेंडल गेला. चौऱ्याण्णव वर्षांचा होता. मंचावरून तो २००८च्या डिसेंबरमध्येच उतरला होता, तरी बातमी वाचून हातातला चहा तसाच राहिला. अडीच महिने रोज पहाटे हा माणूस माझ्या खोलीत होता. हा सोनाटा त्याने एकदा मुद्रित करून सोडला नाही, पुन्हा पुन्हा त्याच्याकडे आला. माझ्या वहीत मी त्याला 'शिक्षकासारखा' म्हटलंय. आज ते वाचून वाटलं, लिहिताना मी त्यात थोडी कसर काढली होती. ती चूक होती. फ्युगाटोतले तीन आवाज मला त्याच्यामुळे मोजता आले. शिकवणाऱ्याला याहून वेगळं काय म्हणायचं?

रविवारी थापेचं गाणं होतं ती जागाही त्याचीच लावणार. आराउची ठरली होती, ती बदलली.

२२ जून, रविवार

अकरा जण आले. पावसाची भुरभुर होती, त्यामुळे उकाडा कमी. शेवभाजी आणि भाकरी नानांच्या सुनेने केली होती, ती नंतरसाठी झाकून ठेवली.

पेटीवर दोन्ही उतरणी वाजवून दाखवल्या, मग पियानोवरच्या ऐकवल्या. भजनी मंडळाचे बुवा पहिली ऐकून मान हलवत होते, दुसरीला त्यांनी मान थांबवली, नानांसारखीच. थाप आणि गाणं दोनदा लावावं लागलं. पहिल्यांदा दोघांनीच ओळखलं. दुसऱ्यांदा खोलीभर "अरे!" असं झालं. त्या एका "अरे"साठी अडीच महिने गेले असतील तर फार नाही गेले.

रिकाम्या जागा सहाही ऐकवल्या नाहीत. आर्गेरिच, आराउ, झिमरमन, तीनच. मग अखंड रिख्तर. पंधराव्या मिनिटाला एक जण उठून गेला, परत आला. शाळेतले मास्तर डुलक्या घेत होते, फ्युगाटोला जागे झाले. भाच्याने वेळेवर पंखे बंद केले. ऑक्टेव्ह आले, भव्य चाल आली, आणि थांबा. खिडकीबाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. कुणी हललं नाही. नानांचा हात मांडीवरून उचललेला होता आणि तो तसाच हवेत होता, चाल परत येईपर्यंत.

मग ती उतरणारी सरगम पुन्हा, अगदी तळाशी. वर विरत गेलेल्या स्वरसंगती. आणि सगळ्यात शेवटी खालचा एकटा 'बी', छोटासा, ठेवून दिल्यासारखा.

२४ जून

फाइली पेन ड्राइव्हवर घालून नानांना दिल्या. स्वरलिपीची झेरॉक्स त्यांनी मागून घेतली होती, ती आज बघायला मिळाली. त्यांना पाश्चात्त्य लिपी वाचता येत नाही, पण तो रिकामा बार त्यांनी भाच्याकडून शोधून घेतला होता. त्याच्याखाली पेन्सिलीने समेची फुली काढलेली आहे.

बुवांचा निरोप : आर्गेरिचबाईंचं संपूर्ण ऐकायचं आहे. १३ जुलैचा रविवार मोकळा आहे का ते माडीवर विचारून कळवणे.